आधी जर बघा, मग हुद्दा: फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांची जुनी एपोलेट ओळखायला शिकताना

माझ्या आजीच्या पैठणीची जर पदराच्या घडीवर झिजली आहे. भिंग धरलं की तिथे सोनेरी तार दिसत नाही, आतलं पिवळं रेशीम दिसतं. काही वर्षांपूर्वी मी फ्रान्समधल्या लियों शहरात भाचीकडे महिनाभर राहायला गेले होते. तिथल्या जुन्या बाजारात खांद्यावर लावायची एक सोनेरी झालर, म्हणजेच एपोलेट, हाती लागली, आणि तिच्या टोकाशी मला अगदी तसंच पिवळं रेशीम दिसलं. विकणारे आजोबा ती कुठल्या हुद्द्याची ते उत्साहाने सांगत होते. माझं लक्ष मात्र त्या दोन-तीन मिलिमीटर उघड्या पडलेल्या रेशमावरून हलेना. घरच्या पेटीत पाहिलेलं काम परक्या देशात, परक्या सैन्याच्या खांद्यावर भेटलं होतं. तेव्हापासून या वस्तूंचा नाद लागला तो आजतागायत.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. कुणाला वारशात अशी एखादी वस्तू मिळालेली असते, कुणाला लिलावाच्या यादीत ती दिसते, कुणाला जरदोजी येते आणि जुनं काम अभ्यासायचं असतं. सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे: आधी जर बघा, मग हुद्दा, आणि वस्तूसोबत सांगितलेली गोष्ट सगळ्यात शेवटी ऐका. विकणारे नेमका उलटा क्रम लावतात. आधी लढाईचं नाव येतं, मग हुद्दा, आणि जरीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

थोडी ओळख

फ्रेंचमध्ये खांद्याला ‘एपोल’ म्हणतात. त्यावरून ‘एपोलेत’, म्हणजे छोटा खांदा. आपण सवयीने एपोलेट म्हणतो. सतराव्या शतकाच्या अखेरीस सैनिकांच्या कोटावर खांद्याशी फितींचे झुपके असत. शोभा हा त्यांचा एक उपयोग, आणि तिरके पट्टे खांद्यावरून घसरू नयेत हा दुसरा. 1759 मध्ये युद्धमंत्री मार्शल द बेल-इल यांनी फ्रेंच सैन्यात अधिकाऱ्यांसाठी एपोलेट आणली आणि ती हुद्दा सांगू लागली. क्रांती, नेपोलियन, पुन्हा राजे, पुन्हा सम्राट, मग प्रजासत्ताक असे सगळे फेरे झाले तरी एपोलेट टिकली. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांमध्ये मात्र चमकणारा खांदा म्हणजे शत्रूच्या नेमबाजाला आमंत्रण होतं. तेव्हापासून ती समारंभापुरती उरली. आजही फॉरेन लीजनचे, म्हणजे फ्रेंच सैन्यातल्या परदेशी जवानांच्या दलाचे, जवान संचलनात हिरव्या पट्टीची, लाल झालरीची एपोलेट लावतात आणि सँ-सीरच्या लष्करी अकादमीचे विद्यार्थी लाल.

इथे पहिली चाळणी लावून घ्या. शिपायांची एपोलेट लोकरीची असे: लाल, हिरवी, पिवळी. अधिकाऱ्यांची सोनेरी किंवा रुपेरी तारेची. लोकरीच्या एपोलेटचा इतिहासही सुंदर आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे. इथे आपण तारेच्या एपोलेटबद्दल बोलतोय.

पायरी 1: अवयव ओळखा

एपोलेट टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवा, झालर तुमच्याकडे करून. वरून खाली या.

गळ्याकडच्या टोकापासून निघते ती पट्टी. ही साधारण हातमागावर विणलेली असते आणि विणीत चौकटी, कंगोरे किंवा तिरप्या रेघा दिसतात. टोकाशी काज असतं किंवा छोटं बटण. पट्टी खाली रुंद होत एका गोलसर, चंद्रकोरीसारख्या भागाला मिळते. त्याला फ्रेंच लोक एक्युसों म्हणतात, म्हणजे ढाल. या ढालीच्या कडेने जाडजूड पिळाच्या तारेचे वेढे दिलेले असतात, एकाला लागून एक, दोन किंवा तीन. हे तूर्नांत. आणि त्यांच्या खालून सुटते ती झालर.

आता उलटी करा. मागे अस्तर असतं, बहुधा लोकरीचं कापड, बऱ्याचदा लाल. कोटाच्या खांद्यावर एक अरुंद आडवी फीत शिवलेली असे. एपोलेटची पट्टी त्या फितीखालून सरकवायची आणि गळ्याजवळ बटणात अडकवायची, अशी ती बसवत. ती फीत कोटासोबत गेलेली असते, म्हणून सुटी एपोलेट विकत घेणाऱ्याला ती सहसा मिळत नाही. कधी मिळाली तर जपून ठेवा, फेकू नका. लोकांना ती नुसती चिंधी वाटते.

झालरच नसलेली एपोलेटही असते. पट्टी आहे, ढाल आहे, वेढे आहेत, पण खाली काही लोंबत नाही. तिला कोन्त्र-एपोलेत म्हणतात. नवशिक्याला ती तुटकी वाटते. ती तुटकी नसते, तशीच बनवलेली असते. हे आत्ताच लक्षात ठेवा, हुद्द्याच्या पायरीवर याचा उपयोग होणार आहे.

पायरी 2: जर वाचा

इथे घाई करू नका. एका एपोलेटला निदान अर्धा तास द्या. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग आणि बाजूने पडणारा उजेड एवढं पुरे.

पहिली गोष्ट म्हणजे हे ‘सोनं’ खरं तर चांदी असतं. लियों आणि त्याच्या उत्तरेचं त्रेवू हे गाव तार ओढण्यासाठी नावाजलेलं होतं. चांदीची लगड घ्यायची, ती घासून गुळगुळीत करायची, तापवून तिच्यावर सोन्याचे वर्ख चढवायचे आणि दगडाने घोटायचे. मग ती लगड पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढायची. आपल्या सोनाराच्या जंतरातून ओढतात तशीच, फक्त सुरुवातीला लगड इतकी जाड असते की ओढायला माणसांनी फिरवायचा मोठा रहाट लागायचा. भोकामागून भोक, प्रत्येक आधीच्याहून बारीक. चांदी लांबत जाते आणि तिच्यावरचं सोनंही तिच्यासोबत लांबतं, फाटत नाही. शेवटी केसाइतक्या बारीक तारेवरही सोन्याचा अखंड पातळ थर राहतो. येवल्या-पुण्याकडे हेच काम करणाऱ्याला तारकस म्हणत. लियोंमध्ये त्यांचा वेगळा व्यवसायसंघ होता. दोघांची गाठ पडली असती तर भाषेवाचून त्यांचं काम अडलं नसतं.

या तारेपासून पुढे तीन-चार रूपं होतात आणि एपोलेटवर ती सगळी शेजारी शेजारी दिसतात.

तार रुळांतून काढून चपटी केली की तो बादला. बादला रेशमाभोवती गुंडाळला की कलाबतू. पट्टीचं विणकाम आणि झालरीचे पीळ बहुतेक कलाबतूचे असतात. तार किंवा बादला सुईसारख्या बारीक सळईभोवती गुंडाळून सळई काढून घेतली की स्प्रिंगसारखी पोकळ नळी राहते. फ्रेंचमध्ये ती कानतीय, जरदोजीवाल्यांची सलमा. सळई गोल असेल तर सलमा गुळगुळीत चमकते, कोनाची असेल तर पैलू पडून लुकलुकते. त्याला आपल्याकडे नक्शी म्हणतात. आणि टिकल्या तर आपल्याही आहेतच.

आता भिंगाखाली काय शोधायचं?

झिजलेली जागा शोधा. पट्टीचा गळ्याकडचा भाग, वेढ्यांचा सगळ्यात वरचा उंचवटा आणि झालरीची टोकं या तीन ठिकाणी जर आधी हार मानते. तिथे आत काय दिसतं? सोनेरी जरीत पिवळं किंवा केशरी रेशीम आणि रुपेरी जरीत पांढरं रेशीम दिसलं तर काम उंची असण्याची शक्यता मोठी. मध्ये सुती किंवा तागाचा दोरा दिसला तर सावध व्हा. जुन्या फ्रान्समध्ये खरी जर रेशमावर आणि खोटी जर साध्या दोऱ्यावरच गुंडाळायची असा नियम होता, गिऱ्हाईक फसू नये म्हणून. पुढे नियम सैलावले, त्यामुळे हा निकष शंभर टक्के नाही, तरी दिशा चांगली दाखवतो.

मग धातूचा रंग बघा. फ्रेंच बाजारात जरीच्या तीन पायऱ्या होत्या: फँ, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मी-फँ, म्हणजे तांब्यावर चांदी-सोन्याचा मुलामा, आणि फो, म्हणजे नुसतं तांबं-पितळ. आपल्याकडची असली जर आणि खोटी जर आठवा. झिजल्यावर तिन्ही वेगवेगळ्या वागतात. खरी सोनेरी जर झिजली की खालून पांढरट चांदी डोकावते आणि ती हवेने काळपट, करडी होते. तांब्याची जर झिजली की लालसर दिसते, आणि ओल लागली असेल तर हिरवट कळंक धरते. हा हिरवा रंग एकदा ओळखीचा झाला की पाच फुटांवरून कळतो.

जाळून बघायचा मोह आवरा. जुन्या साड्यांच्या बाबतीत आपल्याकडे हेच झालं आहे. दारावर बोहारीण यायची, जरीची जीर्ण साडी न्यायची, बदल्यात स्टीलचं पातेलं द्यायची, आणि साडी भट्टीत जाळून चांदी काढली जायची. किती पैठण्या अशा राख झाल्या त्याला गणती नाही. फ्रान्समध्येही अठराव्या शतकात दरबारी बायकांमध्ये पारफिलाज नावाचा छंद होता: जुन्या कपड्यांतली, पट्ट्यांतली, झालरींतली जर उसवायची आणि ती विकायची. धातूची किंमत होती, कामाची नव्हती. म्हणून अठराव्या शतकातली चांगली एपोलेट आज इतकी दुर्मीळ आहे. जी उरली ती कुणाच्या तरी हातून सुटून उरली.

भरतकाम कुठे येतं हेही इथेच सांगते, कारण ‘भरतकाम केलेली एपोलेट’ असं वर्णन सर्रास केलं जातं आणि ते बहुतेक वेळा अर्धवट असतं. पट्टी विणकराची, पीळ आणि झालर गोंडे-झालरी करणाऱ्या कारागिराची, म्हणजे पासमांतियेची. भरतकाम करणाऱ्याचा हात लागतो तो चिन्हांना: जनरलचे तारे, नौदलाचा नांगर, पेटता हातगोळा. 1798 पासून फ्रेंच जनरलांच्या कोटाच्या गळ्यावर-बाह्यांवर ओक वृक्षाच्या पानांचं सोनेरी भरतकाम आलं, ते याच हातांचं.

जनरलच्या एपोलेटवरचा एक तारा भिंगाखाली धरून पाहा. सोनेरी ढालीवर रुपेरी तारा. खाली पुठ्ठ्याचा किंवा दोऱ्याचा उठाव दिलेला असतो. त्यावर सलम्याचे कातरलेले तुकडे आडवे शिवलेले असतात. सुई तुकड्याच्या पोकळीतून जाते, मण्यातून जावी तशी. प्रत्येक तुकडा उठावाच्या कडेपासून कडेपर्यंत नेमका हवा. केसभर लांब झाला तर मधोमध कुबड येतं, केसभर आखूड झाला तर खालचा पुठ्ठा दिसतो. ताऱ्याच्या टोकाकडे तुकडे आखूड आखूड होत जातात, आणि शेवटच्या टोकाला तो जेमतेम दोन वेढ्यांचा असतो. चांगल्या कारागिराच्या ताऱ्यात ही उतरण पायऱ्यांसारखी दिसत नाही, एका ओघात येते. मला एखाद्या एपोलेटबद्दल शंका आली की मी बाकी सगळं सोडून हे टोक बघते.

पायरी 3: आता हुद्दा

इथे फक्त तीन प्रश्न विचारायचे. झालर बारीक की जाड? दोन्ही खांद्यांवर की एकावर? पट्टी आणि झालर एकाच रंगाच्या की वेगळ्या?

बारीक, मऊ, दोऱ्यासारखी झालर कॅप्टनपर्यंतच्या अधिकाऱ्यांची. जाड पिळांची, करंगळीसारखी लोंबणारी झालर त्यावरच्या अधिकाऱ्यांची. या जाड झालरीला फ्रेंच सैनिक ‘ग्रेन देपिनार’ म्हणत, म्हणजे पालकाचं बी. पिळाचा दाणेदार पोत त्यांना तसा दिसला. एखाद्याला ‘पालकाचं बी मिळालं’ म्हणजे तो वरिष्ठ अधिकारी झाला. हा शब्द मला फार आवडतो. इतक्या दिमाखाच्या वस्तूला नाव दिलं ते परसातल्या भाजीचं.

नेपोलियनच्या काळात कॅप्टनच्या डाव्या खांद्यावर झालरीची एपोलेट आणि उजव्या खांद्यावर बिनझालरीची असे. लेफ्टनंटचंही तसंच, पण पट्टीवरून लाल रेशमाची एक रेघ जायची. त्याच्याखालच्या सू-लेफ्टनंटला दोन रेघा. बटालियन-प्रमुखाच्या डाव्या खांद्यावर जाड झालर आणि उजवा खांदा बिनझालरीचा. मेजरच्या दोन्ही खांद्यांवर जाड झालर, पण पट्टी उलट धातूच्या रंगाची, म्हणजे झालर सोनेरी तर पट्टी रुपेरी. कर्नलच्या दोन्ही खांद्यांवर जाड झालर आणि सगळं एकाच रंगात. नेपोलियन स्वतः सम्राट असूनही बहुतेक वेळा आपल्या गार्डच्या, म्हणजे खास पथकाच्या, कर्नलचाच गणवेश घालायचा.

पुढे एकोणिसाव्या शतकात नियम बदलले. लाल रेघा गेल्या. कॅप्टनला दोन्ही खांद्यांवर बारीक झालर मिळाली, लेफ्टनंटला डाव्या खांद्यावर, सू-लेफ्टनंटला उजव्या. दोन रंगांची एपोलेट लेफ्टनंट-कर्नलची झाली. फ्रेंच सैन्यात आजही लेफ्टनंट-कर्नलच्या पाच पट्ट्या सोनेरी-रुपेरी अशा आलटून पालटून असतात, ती याच प्रथेची आठवण.

जनरलांना तारे: ब्रिगेडच्या जनरलला दोन, डिव्हिजनच्या जनरलला तीन. मार्शलच्या एपोलेटवर एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन दंड.

म्हणजे एक झालरवाली आणि एक बिनझालरीची अशी जोडी दिसली तर ती ‘विजोड’ नसते. ती खरीखुरी जोडी असते. उलट, विकणाऱ्याने जोडी ‘पूर्ण’ करण्यासाठी दोन वेगवेगळ्या माणसांच्या झालरवाल्या एपोलेट शेजारी ठेवल्या असतील तर ती विजोड. पट्टीच्या विणीतल्या चौकटी मोजा, वेढे मोजा, अस्तराचा रंग आणि टाके ताडून पाहा. एकाच हाताची जोडी तिथे कळते.

आता सोनेरी की रुपेरी? हा हुद्द्याचा प्रश्न नाही, दलाचा आहे. एपोलेटचा धातू गणवेशाच्या बटणांच्या धातूबरोबर जातो. साध्या पायदळाची बटणं पिवळी, म्हणून एपोलेट सोनेरी, तोफखान्याचंही तसंच. क्विरासिए, म्हणजे छातीवर पोलादी चिलखत घालणारे घोडेस्वार, त्यांची पांढरी, म्हणून रुपेरी. नवशिके हमखास समजतात की चांदीचा अधिकारी सोन्याच्या अधिकाऱ्याहून खालचा. तसं नाही.

पायरी 4: बटण, अस्तर आणि काळ

काळ ठरवताना आकार मदत करतो. जुनी एपोलेट मऊ असते. पट्टी सपाट, ढाल छोटी, झालर मोकळी हलणारी. जसजसं एकोणिसावं शतक पुढे सरकतं तसतशी ढाल फुगते, आतून ताठ होते, वेढे जाडावतात, आणि जाड झालरीचे पीळ बऱ्याचदा मागून दोऱ्याने एकमेकांना अडकवलेले असतात, हलू नयेत म्हणून. पेटीत ठेवल्यावरही जी खांद्यासारखी गोल उभी राहते ती बहुधा उत्तरार्धातली.

बटण असेल तर ते खूप बोलतं. रेजिमेंटचा आकडा, गरुड, लिलीचं फूल, कोंबडा, तोफा, नांगर. लिली बूर्बोन राजांची, कोंबडा 1830 नंतरच्या लुई-फिलिप राजाच्या काळातला, मुकुटधारी गरुड दोन्ही सम्राटांच्या, म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या नेपोलियनच्या, काळात. पण बटण बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. म्हणून बटणाची साक्ष एकटीच घेऊ नका. त्याखालचा दोरा बघा. आजूबाजूची जर काळवंडलेली आणि बटणाखालचा दोरा कोरा असेल, तर बटण नंतर आलेलं आहे.

हा धडा मी पैसे मोजून शिकले. ‘नेपोलियनच्या कॅप्टनची जोडी’ म्हणून मी एक सोनेरी जोडी एका विक्रेत्याकडून घेतली. बटणावर गरुड होता. घरी येऊन भिंग लावलं तर बटणाखालचा दोरा चकचकीत आणि नवा. ढाल फुगीर, आत ताठ पुठ्ठा. महिन्याभराने एका जाणकाराने ती पाहिली आणि शांतपणे सांगितलं की ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, एखाद्या गावच्या अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्याची असावी. फ्रान्समध्ये अग्निशामक दलाचे अधिकारीही एपोलेट लावत, आणि त्यांच्या बटणांवर दलाचं नाव असे. माझ्या जोडीची ती बटणं कुणीतरी काढून टाकली होती. वाईट पैशांचं वाटलं नाही, त्याचं वाटलं. आगीत शिरणाऱ्या माणसाचं नाव पुसून तिथे गरुड बसवला होता.

नॅशनल गार्डच्या, म्हणजे नागरी सैन्याच्या, रुपेरी एपोलेटही बाजारात खूप दिसतात. त्या बऱ्याचदा लुई-फिलिपच्या काळातल्या असतात, कामही छान असतं आणि किंमत कमी. मात्र त्यांना रणांगणाच्या कथा चिकटवून विकतात. कथा सोडा आणि एपोलेट घ्या.

अस्तर उसवू नका. आत डोकावायचं असेल तर आधीच सुटलेली शिवण शोधा. अस्तरावर कधी शाईने नाव असतं, कधी कारागिराची कागदी चिठ्ठी. चिठ्ठी अर्धी निघालेली असेल तरी तिला हात लावू नका.

पायरी 5: नवी की जुनी

नव्या एपोलेट आजही बनतात: नाटक-सिनेमासाठी, जुन्या लढाया पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींसाठी, बँडपथकांसाठी. आपल्या लग्नातल्या बँडवाल्यांच्या खांद्यावरही एपोलेटच असते. भरतकामाची लष्करी चिन्हं बनवण्यात वाराणसी आणि पाकिस्तानातलं सियालकोट जगभर माल पाठवतात, आणि तिथल्या कारागिरांचं काम अव्वल असतं. त्या कामात खोट काही नाही. खोट असते ती त्याला चहाच्या पाण्याचा रंग देऊन दोनशे वर्षांपूर्वीचं म्हणून विकण्यात.

ओळखायला सोपे उपाय आहेत. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च घ्या, खोलीत अंधार करा आणि टॉर्च अस्तरावर, शिवणीवर मारा. दुसऱ्या महायुद्धानंतरचे पांढरे दोरे आणि कापड बऱ्याचदा निळसर झळकतात, कारण त्यात चमक आणणारी रसायनं असतात. जुनं रेशीम आणि लोकर तशी पेटून उठत नाही. जर प्लास्टिकची असेल तर भिंगाखाली चपटी, एकसारखी, आरशासारखी दिसते. धातूच्या बादल्यावर बारीक ओरखडे आणि कमी-जास्त काळेपणा असतो. तो काळेपणाही बघा कुठे आहे. खरा काळेपणा घड्यांत, वेढ्यांच्या मध्ये, हात न पोचणाऱ्या जागी जास्त असतो. मुद्दाम केलेला सगळीकडे सारखा.

पायरी 6: कुठे बघायचं, पहिली कुठली घ्यायची

विकत घेण्याआधी खूप बघा. पॅरिसच्या अँव्हालिदमधलं लष्करी संग्रहालय आणि दक्षिणेतल्या सालों-द-प्रोव्हाँसच्या किल्ल्यातलं आँपेरी संग्रहालय या दोन ठिकाणी नेपोलियनच्या काळचे गणवेश अंगावर चढवलेले दिसतात. एपोलेट खांद्यावर कशी बसते, झालर दंडावर कुठे येते, हे सुट्या वस्तूवरून कधीच कळत नाही. जाणं शक्य नसेल तर संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरची मोठी छायाचित्रं पुरवून पुरवून बघा.

खरेदीसाठी पॅरिसचा द्रुओचा लिलाव आहे, सँ-तुआँचा जुना बाजार आहे, आणि घरबसल्या लिलावही आहेत. छायाचित्रावरून घेताना पाच फोटो मागा: समोरून, मागून, बटणाखालचा दोरा, झालरीचं टोक आणि पट्टीवरची सगळ्यात झिजलेली जागा. जो पाचवा फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

भारतात आणताना सीमाशुल्काचा हिशेब आधी करा. आणि हेही ध्यानात घ्या की आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. परदेशात राहणाऱ्यांनी सुट्टीत अशी वस्तू ‘दाखवायला’ घरी आणण्यापूर्वी कागदपत्रांची चौकशी करावी, नाहीतर परतताना विमानतळावर पंचाईत होईल.

पहिली खरेदी कुठली? माझं मत ठाम आहे: एकटी, बिनझालरीची, रुपेरी कोन्त्र-एपोलेत. तिच्यामागे कुणी लागत नाही म्हणून ती परवडते. झालर नसल्यामुळे नजर विणकामावर आणि वेढ्यांवर जाते. आणि एकटी असल्यामुळे ती कुणाच्या कर्तबगारीची बढाई मारत नाही.

पायरी 7: घरी आणल्यावर

पहिली गोष्ट: चकचकीत करायला जाऊ नका. चिंच नको, लिंबू नको, खायचा सोडा नको, भांड्यांची पावडर नको, सोनाराकडे उकळायला देणं तर मुळीच नको. सोन्याचा थर इतका पातळ आहे की एका घासण्यात तो जातो, आणि आम्लाचं पाणी आत रेशमात शिरलं की ते आतून कुजवतं. काळवंडलेली जर ही त्या वस्तूची वयाची खूण आहे. राहू द्या.

धूळ मात्र काढायला हवी. रंगकामाचा मऊ, रुंद, कोरडा ब्रश घ्या. व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधा, जोर सगळ्यात कमी ठेवा, आणि ब्रशने धूळ त्या तोंडाकडे ढकलत न्या. वेढ्यांच्या दिशेने, आडवं कधीच नाही. झालरीचा एखादा पीळ वाकला असेल तर ओढून सरळ करू नका. आतला दोरा तुटतो.

ठेवण्याची पद्धत आपल्या घरात आधीपासूनच आहे. जरीची साडी जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती धोतरात गुंडाळून ठेवतात, तीच रीत इथे चालते. फक्त कापडाला साबण, नीळ, स्टार्च काही राहिलेलं नको. ढालीखाली त्याच कापडाची छोटी उशी करा म्हणजे ती दबणार नाही. झालर सरळ पसरून आडवी ठेवा. टांगून ठेवली तर जाड पिळांचं वजन शिवणीवर येतं. वर्तमानपत्र, रबर, प्लास्टिकची घट्ट पिशवी यांपासून दूर ठेवा. त्यांतून निघणाऱ्या वायूंनी चांदी काळी पडते किंवा ओल कोंडते. ज्या पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या डब्यातून एपोलेट आली तो जुना डबा जपा, पण वेगळा.

कोकणात, मुंबईत राहणाऱ्यांना पावसाळा हा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पंधरा दिवसांनी बदला. अस्तर लोकरीचं असतं, म्हणून कसर लागते. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका. वेखंडाची पुरचुंडी डब्याबाहेर, कपाटात ठेवलेली चालते. पण खरा उपाय म्हणजे दर महिन्याला डबा उघडून बघणं. रेशमाला उजेड सोसत नाही, म्हणून काचेच्या चौकटीत घालून उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.

आणि एक वही करा. प्रत्येक एपोलेटचं एक पान: कुठून आली, किती वेढे, विणीत किती चौकटी, अस्तराचा रंग, बटण, कुठे झिजली आहे, आत कोणत्या रंगाचं रेशीम दिसतं. माझ्या वहीत पहिलं पान एपोलेटचं नाही. तिथे आजीच्या पैठणीच्या पदराची नोंद आहे: घडीवर झिजलेली जर, पिवळं रेशीम, साधारण दीड इंच.